पाया खणण्याआधी बोलायचे: विद्यापीठाचे बांधकाम आणि शेजारची वस्ती

खानदेशात कॉलेज आधी गावाच्या कडेला उभे राहते आणि मग गाव त्याच्याकडे चालत येते. अमळनेरचे प्रताप कॉलेज घ्या, जळगावचे मूळजी जेठा घ्या, आज त्यांच्या कंपाउंडभोवती घरेच घरे आहेत. गिरणेजवळच्या टेकड्यांवर १५ ऑगस्ट १९९० रोजी आपले स्वतःचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले. त्याआधी खानदेशातली कॉलेजे पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. २०१८ साली या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. तेव्हापासून आजवर हॉस्टेले, लॅब, ग्रंथालये, मेडिकल कॉलेजे यांची बांधकामे जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत चालूच आहेत.

ती चालू राहिली पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून शिकायला आलेल्या मुलीला हॉस्टेलमध्ये खोली मिळाली नाही, तर तिचे शिक्षण तिथेच थांबू शकते. पण त्या हॉस्टेलच्या भिंतीला लागून ज्यांचे घर आहे, त्यांनी दोन-तीन वर्षे धूळ खायची, रात्र जागून काढायची आणि भिंतीला पडलेली भेग स्वतःच्या खर्चाने भरायची, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. त्रास शून्य करता येत नाही. मात्र तो कितीतरी कमी करता येतो आणि उरलेल्याची भरपाई ठरवता येते. त्यासाठी काय करायचे आणि मुख्य म्हणजे कधी करायचे, ते इथे सांगतो. शेजाऱ्यांनी वाचावे, तसे संस्थेतल्या लोकांनीही वाचावे.

सगळे टेंडरमध्ये ठरते

बहुतेक वस्त्या जाग्या होतात त्या पोकलेन आल्यावर. तोवर उशीर झालेला असतो.

बांधकामाचा प्रवास साधारण असा असतो. संस्था इमारत ठरवते, आर्किटेक्ट नकाशे काढतो, अंदाजपत्रक तयार होते. विद्यापीठ असेल तर ते इमारत व बांधकाम समितीपुढे आणि व्यवस्थापन परिषदेपुढे जाते. मग टेंडर निघते, सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराला काम मिळते आणि वर्क ऑर्डर निघते. टेंडरला कामांची एक लांबलचक यादी जोडलेली असते. खोदाई इतके घनमीटर, काँक्रीट इतके, गिलावा इतके चौरस मीटर, प्रत्येकापुढे दर. ठेकेदाराला पैसे मिळतात ते या यादीतल्या कामांचे.

आता विचार करा. धूळ बसावी म्हणून दिवसातून तीनदा पाणी मारणे या यादीत नसेल, तर तो टँकर ठेकेदाराच्या खिशातून येणार. काम त्याने मुळातच कमी दरात घेतलेले. तुम्ही तक्रार केलीत की दोन दिवस पाणी मारले जाईल, तिसऱ्या दिवशी बंद. साइटवरचा इंजिनिअर वाईट माणूस असतो असे नाही. त्याच्या हातात ते नसते.

म्हणून शेजाऱ्यांच्या सगळ्या मागण्या टेंडर निघण्याआधी पोहोचल्या पाहिजेत, आणि त्या यादीतल्या ओळी म्हणून लिहिल्या गेल्या पाहिजेत. पत्र्याचे कुंपण इतके मीटर लांब, इतके उंच. पाणी मारणे रोज इतक्या वेळा. गेटवर टायर धुण्याची सोय. लगतच्या घरांची कामाआधी आणि कामानंतर पाहणी. आवाजाची मोजणी. न केल्यास दंड किती, तेही लिहायचे. ‘ठेकेदाराने परिसराला त्रास होणार नाही याची काळजी घ्यावी’ असे गोड वाक्य बहुतेक टेंडरांत असते. त्याला दर नसतो आणि दंडही नसतो, म्हणून ते कोणी पाळत नाही.

टेंडर निघणार आहे हे कळायचे कसे? सरकारी आणि निमसरकारी टेंडरे ऑनलाइन जाहीर होतात, पण तोवर यादी पक्की झालेली असते. त्याआधी कळायला दोन वाटा आहेत. एक, अर्थसंकल्प. विद्यापीठाचा अर्थसंकल्प दरवर्षी अधिसभेपुढे, म्हणजे सिनेटपुढे, येतो आणि त्यात नव्या इमारतींची तरतूद दिसते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले १० प्रतिनिधी असतात. तुमच्या कॉलनीत पदवीधर असतीलच. त्यांनी नाव नोंदवले असेल तर ते मतदार आहेत, आणि आपल्या प्रतिनिधीला अधिसभेत प्रश्न विचारायला सांगू शकतात. निवडणुकीपुरती आठवण ठेवण्याची ही गोष्ट नाही. दुसरी वाट माहिती अधिकाराची, तिच्याकडे पुढे येतो. खासगी शिक्षणसंस्था असेल तर सरळ प्राचार्यांना आणि संस्थेच्या कार्यकारिणीला लेखी पत्र द्यायचे आणि पोच घ्यायची.

भेग कोणाची?

वस्ती आणि संस्था यांच्यातले सगळ्यांत कडवे भांडण भेगांवरून होते. त्याचे कारण आपल्या जमिनीत आहे, म्हणून इथे जरा थांबू.

खानदेशात मोठ्या भागात काळी माती आहे. ही चिकणमाती पाणी प्यायली की भिजवलेल्या डाळीसारखी फुगते आणि वाळली की आक्रसते. फेब्रुवारीपासून जमीन तडकायला लागते, मे महिन्यात शेतात हात जाईल अशा भेगा दिसतात. घराचा पाया या मातीतून खाली मुरमापर्यंत किंवा दगडापर्यंत नेलेला नसेल, तर घरही तिच्याबरोबर दरवर्षी थोडे वरखाली होते. जुन्या कॉलन्यांतली बरीच घरे अशीच आहेत. त्यामुळे खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग उन्हाळ्यात रुंदावते आणि श्रावणात मिटल्यासारखी होते. हे शेजारी बांधकाम नसले तरी होते.

आता याच घराजवळ एप्रिलमध्ये खोदाई सुरू झाली आणि मे महिन्यात भेग दिसली. घरमालक म्हणतो ब्रेकरने, म्हणजे दगड फोडायच्या यंत्राने, पडली. ठेकेदार म्हणतो आधीचीच होती, काळ्या मातीची आहे. दोघेही मनापासून बोलत असतात, आणि दोघांकडेही पुरावा नसतो. शेवटी ज्याची ताकद जास्त त्याचे खरे ठरते, आणि ती ताकद घरमालकाकडे नसते.

यावर एकच इलाज आहे: काम सुरू होण्याआधी लगतच्या प्रत्येक घराची पाहणी. संस्थेचा इंजिनिअर, ठेकेदाराचा माणूस आणि घरमालक, तिघांनी मिळून घर फिरायचे. प्रत्येक खोलीच्या भिंती, छत, फरशी, ओटा, कंपाउंडची भिंत, पाण्याची टाकी यांचे फोटो तारखेसह काढायचे. असलेल्या प्रत्येक भेगेजवळ मोजपट्टी धरून फोटो घ्यायचा आणि तिच्या टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख लिहायची. मोठ्या भेगेवर काचेची छोटी पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटने चिकटवून ठेवतात. भेग हलली तर काच तडकते, वाद उरत नाही. अहवालावर तिघांच्या सह्या, आणि एक प्रत घरमालकाच्या हातात. तीच प्रत महत्त्वाची, कारण ठेकेदाराच्या ऑफिसमधली फाइल लागेल तेव्हा सापडेलच असे नाही.

बरेच लोक या कागदावर सही करायला घाबरतात. सही केली म्हणजे सगळ्या भेगा जुन्या आहेत हे कबूल केले, असे त्यांना वाटते. तसे नाही. सही फक्त ‘आज घराची अवस्था अशी आहे’ एवढ्याला असते. उद्या नवी भेग पडली तर हाच कागद तुमच्या बाजूने उभा राहील. पाहणी करणाऱ्यांनीही दुपारी घरात एकट्या असलेल्या आजींना कागद देऊन ‘इथे अंगठा करा’ म्हणू नये. घरातले सगळे असतील अशी वेळ ठरवावी आणि काय लिहिले ते वाचून दाखवावे.

भेगेचा आकारही काही सांगतो. गिलाव्यावर जाळीसारख्या केसाएवढ्या भेगा असतील तर तो गिलाव्याचा दोष असतो. कॉलम आणि वीटकामाच्या सांध्यावर सरळ उभी भेग असेल तर दोन वेगळ्या मालांच्या आक्रसण्याचा फरक असतो. विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी चढत गेलेली, एका टोकाला रुंद असलेली आणि महिन्यागणिक वाढणारी भेग मात्र पाया खचत असल्याची खूण असू शकते. अशी दिसली की वाट पाहू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

खचण्याचा खरा धोका खोल खड्ड्यातून येतो. तळघरासाठी चार-पाच मीटर खोदले आणि शेजारचे घर तीन मीटरवर असले, तर त्या घराच्या पायाखालची माती खड्ड्याकडे सरकू शकते. ढोबळ ठोकताळा असा की खड्ड्याच्या तळापासून ४५ अंशांची रेघ वर काढली आणि ती शेजारच्या पायाखालून गेली, तर खड्ड्याच्या बाजूंना भक्कम आधार दिल्याशिवाय पुढे जायचे नाही. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत हे जास्त जपावे लागते, कारण खड्ड्यातले पाणी पंपाने उपसताना बारीक वाळूही निघून येऊ शकते आणि जमीन आतून पोकळ होते.

दगड लागला की प्रश्न येतो हादऱ्यांचा. दक्षिण जळगाव आणि धुळ्याकडे थोडे खोदले की काळा बेसाल्ट लागतो. तो फोडायला सुरुंग, ब्रेकर किंवा रसायन असे पर्याय आहेत. सुरुंगाच्या हादऱ्यांसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ साली मर्यादा घातल्या आहेत. साध्या घरांसाठी जमिनीच्या कंपनाचा वेग सेकंदाला ५ ते १५ मिलिमीटर, कंपनाच्या वारंवारितेप्रमाणे. कंपन जितके संथ तितकी मर्यादा कडक. हे नियम खाणींसाठी आहेत, पण इमारतींच्या कामातही त्यांचाच आधार घेता येतो. माणसाला मात्र सेकंदाला १ मिलिमीटरच्या आतले कंपनही जाणवते. म्हणजे मांडणीतली भांडी वाजली म्हणून भिंतीला धोका झालाच असे नाही. पण भांडी वाजतात तेव्हा घरातल्या माणसाला वाटणारी भीती खरी असते. मोजणीचे यंत्र सगळ्यांत जवळच्या घराच्या ओट्यावर ठेवा आणि आकडा घरमालकाला दाखवा. माझ्या मते भरवस्तीत सुरुंग लावूच नये. भोके पाडून त्यात फुगणारे रसायन भरले की दगड आवाजाविना तडकतो. खर्च जास्त येतो, आणि तो टेंडरमध्ये धरलेला असला तरच हे होते.

धूळ, कूलर आणि बिबड्या

आपल्याकडे धुळीचा सर्वांत वाईट काळ आणि बांधकामाचा सर्वांत जोराचा काळ एकच असतो, फेब्रुवारी ते जून. पावसाआधी पाया वर आणायचा म्हणून खोदाई उन्हाळ्यात होते. त्याच दिवसांत आपण गच्चीवर झोपतो, गच्चीवरच उडदाचे पापड, कुरडया आणि ज्वारीच्या बिबड्या वाळत घालतो. घरोघरी कूलर चालू असतो, तो बाहेरची हवा ओढून घरात फेकतो. कूलरच्या गवताच्या जाळीवर आठवडाभरात मुरमाचा थर बसतो. हवेबरोबर बारीक धूळ आत येते, थंडावा कमी होतो आणि दम्याच्या माणसाला कूलर लावावा की बंद ठेवावा तेच कळत नाही. शहरांसाठी लिहिलेल्या पुस्तकी सूचनांत ‘खिडक्या बंद ठेवा’ असे असते. जळगावच्या मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना हे सांगणे क्रूरपणाचे आहे. इथे धूळ जिथे उठते तिथेच दाबली पाहिजे.

कायदा यात तुमच्या बाजूने आहे. केंद्र सरकारने २५ जानेवारी २०१८ रोजी बांधकामाच्या धुळीसाठी नियम केले. मोकळी माती-वाळू झाकून ठेवायची, साइटकडे जाणारा रस्ता पक्का हवा, पाणी मारायची सोय हवी, वारा अडवणारे कुंपण इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश हवे, पण १० मीटरपर्यंतच. म्हणजे १८ मीटर उंच हॉस्टेलसाठी ६ मीटर. हवा ठरलेल्या मर्यादेपेक्षा खराब असलेल्या शहरांत आणखी अटी आहेत: फरशी-दगड उघड्यावर कापायचा नाही, माल रस्त्याकडेला टाकायचा नाही, गाडी न झाकता न्यायची नाही. जळगाव हे २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीतले शहर आहे, हे पत्र लिहिताना विसरू नका. हवेत पीएम १० म्हणजे १० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांची मर्यादा २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे.

हिरव्या जाळीवर फार विसंबू नका. ती पडणारा माल अडवते, बारीक धूळ तिच्यातून सहज निघते. खालच्या उंचीला पत्रेच हवेत. ग्रॅनाइट आणि टाइल्स पाण्याच्या धारेखाली कापायच्या, कारण त्या धुळीतल्या सिलिकाने कापणाऱ्या कामगाराची फुफ्फुसे कायमची जातात. तो शेजाऱ्यांपेक्षा त्या धुळीच्या कितीतरी जवळ उभा असतो.

मग प्रश्न पाण्याचा. वस्तीला एक-दोन दिवसांआड नळ येत असताना साइटवर टँकर ओतला जातोय, हे बघवत नाही. त्यासाठी सांडपाणी शुद्ध करून मिळालेले पाणी वापरावे, धूळ बसवायला ते पुरेसे आहे. काँक्रीटला पाणी मारणे मात्र टाळता येत नाही. भारतीय मानकाप्रमाणे कोरड्या, उष्ण हवेत ते किमान १० दिवस ओले ठेवावे लागते. पण ओली पोती अंथरून झाकले तर त्यात पुष्कळ पाणी वाचते.

रात्रीचा स्लॅब

आवाजाचे डेसिबल साध्या बेरजेने चालत नाहीत. ९० डेसिबलचे एक मशीन असताना दुसरे तसेच सुरू केले तर १८० होत नाहीत, ९३ होतात. आणि १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. ब्रेकर १० मीटरवर ९० असेल, तर २० मीटरवर ८४, ४० वर ७८, ८० वर ७२. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागाची सरासरी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असेल तर रीतसर तक्रार करता येते. ब्रेकर आणि घर यांच्यामध्ये नजर अडेल असा भरीव अडसर उभा केला, तर ५ ते १० डेसिबल कमी होतात. पत्र्याचे कुंपण धुळीसाठी हवेच असते, ते आवाजालाही उपयोगी पडते.

रात्रीची अट २०१० च्या दुरुस्तीने आणखी स्पष्ट झाली. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाज करणारी बांधकाम यंत्रे चालवता येत नाहीत. इथे खानदेशातली खरी अडचण येते. उन्हाळ्यात दुपारी काँक्रीट टाकले तर ते लवकर आवळते, तडे जातात, आणि कामगार उन्हात कोसळतात. म्हणून ठेकेदार स्लॅब रात्री भरायला बघतो. त्याचे कारण खरे आहे. पण त्याचा उपाय रात्रभर यंत्रे चालवणे हा नाही.

हिशेब करू. ६०० चौरस मीटरच्या स्लॅबला बीमसकट साधारण १३० घनमीटर काँक्रीट लागेल. पंपाने तासाला ३० घनमीटर टाकले तर साडेचार तास. संध्याकाळी ५ ला सुरू केले की साडेनऊला संपते. नाहीतर सकाळी ६ ला सुरू करून साडेदहाच्या आत. म्हणजे पंप भाड्याने आणला, मिक्सर वेळेवर आले आणि बर्फाचे पाणी वापरले तर रात्र मोडावी लागत नाही. छोट्या मिक्सरवर हाताने भरायचे म्हटले तर पहाट होणारच. पुन्हा तेच, पंपाचा खर्च टेंडरमध्ये आहे का?

एक गोष्ट शेजाऱ्यांनीही समजून घ्यावी. अर्ध्यावर आलेला स्लॅब कुठेही थांबवता येत नाही, तिथे कच्चा सांधा राहतो आणि इमारत कायमची कमकुवत होते. मिक्सर रस्त्यात बंद पडून एखाद्या दिवशी साडेअकरा वाजले, तर त्या रात्री भांडायला जाऊ नये. दुसऱ्या दिवशी कारण विचारावे. हाच प्रकार दर स्लॅबला होत असेल तर मग ११२ वर फोन करायला कचरू नये.

सोसणे सोपे होते ते आधी कळल्याने. कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आदल्या दिवशी एवढाच मजकूर आला तरी पुरे: ‘उद्या गुरुवारी तिसऱ्या मजल्याचा स्लॅब आहे. सायंकाळी ५ ला सुरू, साडेनऊपर्यंत संपेल. मिक्सर उत्तरेच्या गेटने येतील, कृपया त्या गल्लीत गाड्या लावू नका. अडचण आल्यास साइट इंजिनिअरना फोन करा.’ खाली नाव आणि नंबर. वर्षाचे कॅलेंडर घेऊन एकदा बसावे आणि आखाजी (अक्षय्य तृतीया), श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवाची रात्र आणि दुसऱ्या दिवशीची मिरवणूक, दहावी-बारावीच्या परीक्षा यांवर खुणा कराव्यात. त्या दिवशी ब्रेकर नाही, स्लॅब नाही. लेकी माहेरी आलेल्या असताना दारात डंपर उभा राहू नये, एवढे तर ठरवता येते.

एक खड्डा, दोन हजार फेऱ्या

डंपर किती येणार, हे आधी कोणी सांगत नाही. पण गणित सोपे आहे. ५० बाय ४० मीटरचे तळघर ४ मीटर खोल खणले तर ८,००० घनमीटर माती निघते. खणल्यावर ती फुगते, १०,००० धरा. एका डंपरमध्ये १० घनमीटर, म्हणजे १,००० भरलेल्या गाड्या आणि परत येणाऱ्या १,००० रिकाम्या. महिनाभरात काम उरकायचे तर दिवसाला सुमारे ६७ फेऱ्या, दहा तासांत दर नऊ मिनिटांनी एक गाडी तुमच्या गल्लीतून. हे टेंडरआधी मांडले की मार्गाचा विषय निघतो. मोठ्या रस्त्याकडून तात्पुरते गेट करता येते का? कॅम्पस मोठा असेल तर बहुतेक वेळा करता येते. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा सोडून गाड्या चालवता येतात. मागे येताना आरसा न बघता गाडी रेटणाऱ्या चालकासाठी गेटवर झेंडा घेऊन एक माणूस उभा करता येतो. जिवाची काळजी असलेली ही एकच जागा अशी आहे जिथे पैशाचा विषय काढूच नये.

निघालेली माती कुठे जाते, हेही विचारा. ती नाल्यात गेली तर जुलैत पाणी तुमच्या घरात येईल. एक हेक्टर जागा काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकने झाकली आणि त्यावर एका दिवशी ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५ लाख लिटर पाणी वाहायला लागते. पूर्वी त्यातले बरेच जमिनीत मुरत होते. ते कुठे वळवणार, मुरवायची सोय कुठे, हे नकाशावर दाखवायला लावावे. चर आणि शोषखड्डे पहिल्या पावसाळ्याआधी व्हायला हवेत. इमारत पूर्ण झाल्यावर नव्हे.

साइटवर राहणाऱ्या मजूर कुटुंबांबद्दल वस्तीत कुरकुर होते. उघड्यावर जातात, आमच्या नळावर येतात, असे बोलले जाते. सातपुड्यातून पोटासाठी आलेल्या या बायामाणसांना पिण्याचे पाणी, शौचालय आणि राहायला जागा देणे ही ठेकेदाराची कायद्याने जबाबदारी आहे. कुरकुर ठेकेदाराकडे करावी, त्यांच्याकडे नाही.

कागद मागायचा कसा

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून नकाशा, टेंडर आणि धुळीचा आराखडा यांसाठी वेगवेगळे अर्ज करा. फार थोड्यांना माहीत असते की या कायद्यात सरकारी कामाची जागेवर जाऊन पाहणी करण्याचा आणि मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे.

२०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठे बांधकाम असेल तर केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे आधी पर्यावरण मंजुरी लागते. शिक्षणसंस्थांच्या इमारतींना यातून सूट दिली गेली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. या गटातल्या बांधकामांना जनसुनावणी मात्र लागत नाही, त्यामुळे मंजुरी कधी मिळाली ते शेजाऱ्यांना कळतही नाही. मंजुरीचे पत्र आणि अटींच्या पालनाचे सहामाही अहवाल ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर शोधा. धूळ-आवाजाच्या अटी त्यात लिहिलेल्या असतात आणि त्या मोडल्या तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जळगावच्या कार्यालयात दाद मागता येते.

या सगळ्यासाठी कॉलनीतल्या चार-पाच जणांची समिती पुरते. त्यात कंपाउंडला सर्वांत जवळ राहणारे हवेतच आणि दिवसभर घरी असणाऱ्या बायका हव्यात, कारण साइटवर दुपारी काय चालते ते त्यांनाच माहीत असते. साइट इंजिनिअरसोबत पंधरवड्यातून एकदा अर्धा तास बसायचे. एक वही ठेवायची, तारीख, तक्रार, काय झाले. तोंडी बोललेले हवेत जाते. वहीतली नोंद वर्षभरानंतरही दाखवता येते.

आणि काम संपत आले की घाई करायची ती शेवटच्या बिलाआधी. ठेकेदाराच्या रकमेतला काही भाग संस्थेने राखून ठेवलेला असतो. तो सुटला की ठेकेदाराला परत आणणे कठीण. टेंडरमध्येच लिहून घ्या की रस्ता पूर्ववत, गटारे मोकळी आणि घरांची दुसरी पाहणी झाल्याशिवाय ती रक्कम सोडायची नाही. पहिल्या पाहणीचे फोटो हातात घेऊन तेच तिघे पुन्हा घरोघर फिरतील. नवी भेग तिथल्या तिथे दिसेल, तिचा खर्च ठरेल. काळ्या मातीमुळे ही दुसरी पाहणी पहिलीच्याच ऋतूत करावी. पहिली मार्चमध्ये झाली असेल तर दुसरीही मार्चमध्येच.